रविवारचा पराक्रम आणि सहा दिवसांची पाठ

व्यायामाने प्रकृती सुधारते, या विधानाविषयी आता कोणी वाद घालीत नाही. वाद घालावयाचाच असेल तर तो, आठवड्याचे सहा दिवस खुर्चीत काढून सातव्या दिवशी एकदम केलेल्या पराक्रमाने ती सुधारते काय, याविषयी घालावयास हवा. मुंबई आणि पुणे या दोन शहरांतील मध्यमवर्गाच्या हाती गेल्या काही दशकांत थोडा पैसा आला, मोटार आली आणि शनिवार-रविवारची मोकळीकही आली. त्याबरोबर खेळाची आणि भटकंतीची हौस आली, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु या हौसेच्या पाठोपाठ एक व्याधीही घरोघर येऊन बसली आहे. सोमवारी सकाळी अंथरुणातून उठताना कमरेत चमक निघते, वाकून चपला घालता येत नाहीत, आणि ‘उसण भरली’ एवढे निदान करून घरातील वडीलधारी मंडळी शेकाची पिशवी पुढे करतात. व्याधी प्राणघातक नाही, म्हणून तिची चर्चा होत नाही. आणि चर्चा होत नाही म्हणून तिच्याविषयीचे गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतात.

दुखणे किरकोळ मानले जात असले तरी त्याचा विस्तार किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या आकडेवारीनुसार २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसे कंबरदुखीने ग्रस्त होती आणि २०५० सालापर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या पुढे जाईल, असा अंदाज आहे. माणसाला कामाधंद्यापासून दूर ठेवणाऱ्या, त्याच्या हालचालींवर बंधन घालणाऱ्या कारणांत कंबरदुखीचा क्रमांक जगात पहिला लागतो.

या प्रश्नाचे दोन्ही चेहरे एकाच ठिकाणी पाहावयाचे असतील तर मावळातील भाजे गावाइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्थानकावर उतरून थोडे चालले की भाजे येते. गावाच्या वर डोंगराच्या कुशीत इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून कोरली गेलेली बावीस लेणी आहेत आणि त्यांच्याही वर लोहगड आणि विसापूर हे दोन दुर्ग उभे आहेत. लोहगडाचा समावेश जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत झाला. पावसाळ्यात रविवारी या वाटेवर शहरी माणसांची रीघ लागते. पाठीवर फुगलेल्या पिशव्या, पायांत नवे बूट आणि मनात उत्साह, असा हा सरंजाम असतो. त्याच वाटेच्या दोन्ही अंगांना, चिखल केलेल्या खाचरांत, पाठीवर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद घेऊन गावातील स्त्रीपुरुष भाताची रोपे लावीत असतात. एकजण आनंदासाठी कंबर वाकवतो, दुसरा पोटासाठी. मणके मात्र दोघांचेही सारखेच असतात, आणि ते दुखावण्याची रीत भिन्न असली तरी तिच्यामागचे शास्त्र एकच आहे.

आठपट भार

शहरी हौशी माणसाच्या पाठीचे काय होते, हे समजून घ्यावयास गोल्फ या खेळाचे उदाहरण फार उपयुक्त आहे. वरवर पाहता याहून निरुपद्रवी खेळ नसेल. धावावे लागत नाही, प्रतिस्पर्ध्याशी टक्कर होत नाही, चेंडू स्वस्थ पडलेला असतो. पुण्यात येरवड्याला किंवा मुंबईत चेंबूरला सकाळी सावकाश चालणारे हे खेळाडू पाहून कोणास त्यांची काळजी वाटणार नाही. तरीही हौशी गोल्फ खेळाडूंच्या दुखापतींत कमरेच्या दुखापतीचे स्थान अग्रभागी आहे. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, चेंडूवर जोरकस फटका मारताना कमरेच्या मणक्यांवर क्षणभर शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट भार येतो. धावणाऱ्याच्या मणक्यांवर हाच भार सुमारे तिपटीच्या घरात असतो. फटक्याच्या वेळी कणा एकाच वेळी पुढे झुकतो, बाजूला कलतो आणि पिळला जातो. दोन मणक्यांमधील गादीला साधा दाब सोसतो. दाब आणि पीळ एकत्र आले की तिच्या कडांवर ताण पडतो.

पट्टीच्या खेळाडूंनाही हे चुकलेले नाही. टायगर वुड्स या विख्यात खेळाडूच्या कमरेवर २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत तीन शस्त्रक्रिया झाल्या आणि २०१७ साली दोन मणके जोडण्याची चौथी झाली. त्यानंतर २०१९ साली त्याने मास्टर्स स्पर्धा जिंकली, ही कथा सर्वांच्या तोंडी आहे. पण पुढेही त्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडावे लागले, हे कमी लोकांच्या लक्षात राहते. आपल्याकडे जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईच्या कसोटीत पाकिस्तानविरुद्ध सचिन तेंडुलकरने पाठीच्या असह्य वेदना सोशीत १३६ धावा केल्या आणि भारत बारा धावांनी हरला, ते महाराष्ट्राला अजून सलते आहे. फरक एवढाच की, अशा खेळाडूंच्या मागे वैद्य, मालीश करणारे आणि व्यायामशिक्षक यांचा ताफा असतो. हौशी माणसाच्या मागे सोमवारची कचेरी असते.

हौशी खेळाडूचे नुकसान त्याच्या फटक्याइतकेच त्याच्या दिनक्रमाने केलेले असते. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधील गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. म्हणून उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात खोल वाकणे त्यांना विशेष जाचते. अशा वेळी माणूस तडक मोटारीत बसतो, तासभर त्याच अवस्थेत राहतो, आणि उतरताच सर्व शक्ती एकवटून पहिला फटका मारतो. भाज्याला येणाऱ्याचेही असेच. पहाटेची गाडी, आखडलेले पाय, न्याहारीसाठी थोडा थांबा आणि लगेच विसापूरची चढण. पावसाळ्यात त्या वाटेच्या पायऱ्यांवरूनच पाणी वाहते. ओल्या दगडावरून पाय निसटतो, तोल सावरताना पाठीवरच्या ओझ्यासह कंबरेला हिसका बसतो, आणि सहा दिवस निद्रिस्त असलेले स्नायू त्या हिसक्याला वेळेवर उत्तर देऊ शकत नाहीत.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. जर्मनीतील सातशेहून अधिक गोल्फ खेळाडूंची पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. तीत निदान दहा मिनिटे अंग मोकळे करून खेळणाऱ्यांना दुखापती कमी आणि स्वतःची जड पिशवी खांद्यावर वाहणाऱ्यांना अधिक होतात, असे दिसून आले. म्हणून खेळापूर्वी दहा मिनिटे भरभर चालावे, खुबे आणि खांदे फिरवावेत, आधी हलके व मग जोराचे फटके मारावेत. कंबर जागीच धरून केवळ खांदे पिळण्याऐवजी खुबेही वळू द्यावेत. त्यासाठी मागे वळताना पुढच्या पायाची टाच किंचित उचलली गेली तरी बिघडत नाही. पिशवी ढकलगाडीवर ठेवावी किंवा दोन्ही खांद्यांवर सारखी घ्यावी. चेंडू उचलताना गुडघा टेकावा. डोंगर चढणाऱ्याने ओझे शरीराच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आत ठेवावे, जड वस्तू पाठीलगत ठेवाव्यात, पिशवीचा कमरपट्टा आवळून भार खुब्यांवर घ्यावा आणि उतरणीला काठी वापरावी. मात्र हे सारे रविवारचे नियम झाले. खरा प्रश्न उरलेल्या सहा दिवसांचा आहे.

विश्रांतीचा गैरसमज

कंबर धरली की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो पडून राहण्याचा. फळीवर झोपा, हलू नका, पट्टा बांधा. हा सल्ला मायेपोटी दिलेला असला तरी तो शास्त्राला धरून नाही. हेलसिंकी शहराच्या नोकरवर्गावर केलेला एक प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन दिवस सक्तीची विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा वेदना सोसवेल तितके नित्याचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत रुग्णाला नीट समजावून सांगणे, व्यायाम आणि मानसिक आधार यांना स्थान आहे. पट्टे आणि वजने लावून कणा ताणणे यांचा नेहमीचा उपचार म्हणून वापर करू नये, असे म्हटले आहे. घरोघरच्या कपाटांत पडलेले कमरपट्टे पाहता हा निष्कर्ष मोठ्या अक्षरांत छापण्याजोगा आहे.

दुसरा गैरसमज चित्रांचा. थोडी कंबर दुखली की एमआरआय काढावयाचा आणि त्यात ‘गादी सरकली’ असे आढळले की आयुष्यभर स्वतःला रुग्ण समजावयाचे, अशी रूढी पडत चालली आहे. मुळीच पाठ न दुखणाऱ्या ३,११० व्यक्तींच्या तपासण्यांचा एकत्रित अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतील ३० टक्के आणि ऐंशीतील ८४ टक्के निरोगी माणसांत गाद्या फुगलेल्या आढळल्या. केस पांढरे होतात तशाच गाद्याही वयपरत्वे बदलतात. प्रत्येक बदल हा रोग नव्हे. अर्थात काही खुणा दुर्लक्षण्याजोग्या नसतात. पायातील शक्ती कमी होणे, जांघेभोवती बधिरपणा येणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना किंवा पडल्यानंतरचे दुखणे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांकडे विनाविलंब गेले पाहिजे. आपल्या देशात मणक्यांचा क्षय अद्याप संपलेला नाही, याचेही भान ठेवावयास हवे. परंतु बहुसंख्य दुखणी या वर्गातील नसतात आणि काही आठवड्यांत पुष्कळशी निवळतात.

निवळतात, पण परत येतात, हे या व्याधीचे खरे लक्षण आहे. त्यावर नुकताच सापडलेला उपाय इतका साधा आहे की त्यावर विश्वास बसणे कठीण. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ व्यक्तींवर केलेला प्रयोग २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढवीत आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास चालण्याची सवय लावण्यात आली, त्यांचे दुखणे उलटण्यास सरासरीने २०८ दिवस लागले, इतरांना ११२. आठवड्यातून एकदा विसापूर चढणाऱ्याने रोज आपल्या गल्लीतून अर्धा तास चालावे, एवढाच याचा अर्थ. चालण्यात पराक्रम नाही, म्हणूनच ते होत नाही.

लोणावळ्याचा वारसा

नियमिततेचा हा धडा महाराष्ट्राला परदेशातून आणावयास नको होता. भाज्याहून काही मैलांवर, लोणावळ्यात, १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योग-मीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेल्या या माणसाने आसने, उड्डियान आणि नौली यांचा चमत्कारांच्या प्रदेशातून प्रयोगशाळेत प्रवेश करविला. क्ष-किरणे आणि दाबमापक यंत्रे लावून या क्रियांत शरीरात काय घडते हे पाहिले. जी गोष्ट श्रद्धेने सांगितली जाते ती मोजून पाहिली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रचार केला, तोही रोजच्या नेमाचा होता. गावोगावच्या तालमींतील जोर-बैठकांना रविवारची वाट पाहावी लागत नसे.

अमेरिकेतील डॉक्टरांच्या एका प्रमुख संघटनेने २०१७ साली जुनाट कंबरदुखीवर औषधांच्या आधी करावयाच्या उपायांत योगाचा समावेश केला. याचा अर्थ आसने हा रामबाण आहे असा नव्हे. त्यांचा लाभ माफक असतो आणि तो इतर व्यायामांहून फार वेगळा नसतो. कमरेतून पायात कळ जात असताना हट्टाने खोल वाकून पदस्पर्श करणे अपायकारकही ठरू शकते. पण थोडे, रोज आणि आपल्या शक्तीनुसार, हे जे योगाचे व आखाड्याचे समान सूत्र आहे, ते आधुनिक शास्त्राने नाकारलेले नाही. उलट उचलून धरले आहे. ज्या लोणावळ्यात हा विचार शंभर वर्षांपूर्वी मांडला गेला, तेथे शहरी माणूस आज येतो तो बहुधा एका दिवसात आठवड्याची वसुली करावयास, हा विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे.

इरल्याखालची पाठ

येथवर विचार झाला तो निवड करता येणाऱ्या माणसाचा. त्याने फटका मारला नाही किंवा गड चढला नाही तरी त्याची चूल पेटत राहते. भाज्याच्या खाचरात वाकलेल्या बाईला ही निवड नाही. तिचे स्नायू झोपलेले नसतात. तिचा दोष तयारीच्या अभावाचा नाही, तर भाराच्या अखंडतेचा आहे. चिखलात पाय रुतलेले, कंबर काटकोनात वाकलेली, आणि एका हाती रोपांची जुडी घेऊन दुसऱ्या हाताने रोवीत मागे सरकणे, असे दिवसचे दिवस चालते. गोल्फ खेळणाऱ्याला पाठ सांभाळण्यासाठी जे सांगितले जाते, म्हणजे कमरेतून न वाकता खुब्यातून वाका, गुडघे सैल ठेवा, अधूनमधून मागे रेला, ते तिलाही लागू आहे. पण ते तिला सांगावयास कोणी जात नाही. तिच्या दुखण्याला ‘क्रीडा-दुखापत’ असे प्रतिष्ठित नाव नाही. तिच्या कंबरेला ‘लावणीचे दिवस’ एवढेच कारण पुरते, आणि ते सर्वांनी, तिनेही, नैसर्गिक मानलेले असते.

ते नैसर्गिक नाही. इंद्रायणी तांदळाचा सुवास शहरात चवीने घेतला जातो. त्या तांदळामागे वाकलेल्या कमरेचा हिशेब मात्र कोणाच्या वहीत नसतो. घाटाखाली नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात कायमचे गादीवाफे करून त्यांवर साच्याने खुणा पाडतात आणि थेट बी टोकतात. नांगरणी, चिखलणी आणि लावणी हे तिन्ही कष्ट वाचतात. खर्च आणि मातीची धूप वाचते म्हणून या पद्धतीचे कौतुक होते; ती माणसाची पाठ वाचवते, हे तिचे समर्थन तितक्याच जोराने झाले पाहिजे. मावळातील लहान, उतरत्या खाचरांत मोठी यंत्रे नेणे सोपे नाही. म्हणून अशा पद्धती, बांधावरून सहज ओढता येतील अशी साधने आणि दर तासाला काही मिनिटे ताठ उभे राहण्याची साधी शिस्त, यांचा प्रसार कृषी खात्याने आरोग्य खात्याच्या हातात हात घालून करावयास हवा. पूर्वी मावळात इर्जिक करून एकमेकांच्या शेतावर लावणी होई. माणसे अधिक असली की प्रत्येकाच्या वाट्याचा अखंड भार कमी होतो, हे त्या प्रथेतील शहाणपणही विसरण्याजोगे नाही.

यावर असे म्हटले जाईल की, जेथे सर्पदंश, बाळंतपण आणि ताप यांनाच यंत्रणा अपुरी पडते, तेथे कंबरदुखीची चैन कशाला? आक्षेप वरवर वजनदार आहे. परंतु कंबरदुखीवर लागणारी यंत्रणा महाग नाही. येथे शस्त्रक्रियागृह लागत नाही की यंत्र लागत नाही. शिकवणारा माणूस लागतो. फिजिओथेरपी हा व्यवसाय २०२१ च्या केंद्रीय कायद्याने नियमनाखाली आला आहे. अशा शिकलेल्या मुलामुलींपैकी काहींना ग्रामीण रुग्णालयांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत ठराविक दिवशी बसवावे, आशा कार्यकर्त्यांना पाठीच्या काळजीचे चार धडे द्यावेत आणि लावणीच्या आधी गावसभेत त्यांची प्रात्यक्षिके करावीत, यासाठी मोठ्या निधीपेक्षा इच्छा अधिक लागते. एका स्त्रीचा लावणीचा एक दिवस बुडाला तर घरात किती कमी येते, हे ठाऊक असणाऱ्याला या खर्चाचे समर्थन निराळे करावे लागणार नाही.

शहरातील हौशी मंडळींनीही आपल्या पाठीचा विचार केवळ आपल्यापुरता करू नये. त्यांच्या क्लबांना आणि गिर्यारोहण संस्थांना तज्ज्ञ मिळतात, पुस्तके मिळतात, पैसेही मिळतात. ज्या वाटांनी ते गडावर जातात त्या वाटेवरच्या गावात वर्षातून एखादे शिबिर भरविणे त्यांना अवघड नाही. पाठ सांभाळण्याचे ज्ञान अवघड नाही आणि ते कोणाची मिरासही नाही. रविवारी चढणाऱ्याला रोजची सवय हवी आणि रोज वाकणाऱ्याला मधूनमधून विसावा हवा. पहिली गोष्ट ज्याची त्याने करावयाची आहे. दुसरी समाजाने आणि सरकारने मिळून घडवून आणावयाची आहे.